कारवान की डॉबरमन?

दिवाळी उलटून आठ दिवस झाले असतील, तेव्हा श्रीगोंदे तालुक्यातील वस्तीवरून थोरल्या बहिणीचा फोन आला. रात्रीत विहिरीवरची मोटार गेली होती आणि सोबत केबलही. नुकसान सोसण्याजोगे होते. पण घरापासून अडीचशे पावलांवर कोणी येऊन तासभर काम करून जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, ही गोष्ट ताईच्या मनातून जाईना. दाजींनी त्याच दिवशी ठरवून टाकले, की आता घरात कुत्रा हवा आणि तो डॉबरमनच हवा. बारावीतल्या भाच्याने पलीकडच्या माळावर मेंढ्या घेऊन आलेल्या धनगरांपाशी एक कारवान पाहिला होता; त्याचे मन त्यावर जडले होते. ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारेच आक्का म्हणतो, त्या मात्र एवढेच म्हणाल्या, "कंचाबी आणा, पण दिवसभर साखळीला हिसके देणारं जनावर माझ्या दारात नको."

"तुझ्याकडे डॉबरमन होता, तूच सांग," असे म्हणून ताईने निर्णय माझ्यावर सोपविला. त्या सांगण्यासाठी मी जी जुळवाजुळव केली, तीच येथे मांडते आहे. नगर जिल्ह्यात वस्तीवर, गावात किंवा उपनगरातल्या बंगल्यात कुत्रा पाळू इच्छिणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे आज याच दोन जाती असतात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यात 'नगर'च येते, तेव्हा येथेही तसेच लिहिते.

दिसायला भावंडे, कामाला निराळी

दोन्ही कुत्री उंच, आखूड केसांची, खोल छातीची आणि आत ओढलेल्या पोटाची. लांबून पाहणाऱ्याला ती एकाच घराण्यातील वाटतील. परंतु कुत्र्याची जात म्हणजे शेकडो पिढ्यांतून माणसाने त्याच्याकडून करवून घेतलेले काम होय. ते काम घरात आणल्यावर थांबत नाही. त्याला वाट मिळाली नाही, तर ते दुसरीकडून बाहेर पडते. म्हणून प्रथम पाहावयाचे ते रूप नव्हे.

कारवान हा धावण्यासाठी घडला. कारवाँबरोबर, म्हणजे इराण-अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या तांड्यांबरोबर, सालुकी व ताझी या जातींची कुत्री दख्खनेत आली आणि येथल्या माळावर, येथल्या उन्हात त्यांच्यापासून ही जात स्थिरावली, असे तिच्या नावामागचे कारण सांगतात. कानावर व शेपटीवर लांब रेशमी केस असलेला तो पश्मी, आणि अंगभर गुळगुळीत तो कारवान अथवा कारवानी. कृष्णेपलीकडे मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याच कुळातील कुत्र्यांना आश्रय दिला. राजा मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला त्यांतली जोडी भेट दिली, आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र त्याची नोंद 'कॅरव्हॅन हाउंड' म्हणून करते. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ होता. २०१६ साली भारतीय लष्कराने त्याची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठच्या केंद्रात नेली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ज्या मोजक्या देशी श्वानजातींची अधिकृत नोंद केली, त्यांतही तो आहे. आपल्या माळावरचा कुत्रा म्हणजे 'गावठी' असे समजून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर अधिक विसंबतो. दूरवर काही हलले, की त्याचे कान मागे जातात, मान ताणली जाते आणि पुढच्या क्षणी तो गेलेला असतो. भरधाव पळताना त्याचे चारही पाय प्रत्येक झेपेत दोनदा जमीन सोडतात. एकदा शरीर पूर्ण ताणलेले असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झाले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. असा धावणारा कुत्रा पाहणे हे सुख आहे. पण तो पळत असता हाक मारून परत बोलावणे हे जवळजवळ अशक्य आहे, हे ज्याने पाळला त्यालाच माहीत. त्याचे कान त्या क्षणी बंद झालेले असतात.

धावून आल्यावर मात्र तो तासन्‌तास निपचित पडून राहतो. ज्यांना कारवान अष्टौप्रहर चळवळ्या वाटतो, त्यांनी तो घरात पाहिलेला नसतो. स्वभावाने अलिप्त, घरच्यांशी मवाळ, परक्याने डोक्यावर हात ठेवलेला न आवडणारा. लहानपणी माणसांची सवय झाली नाही, तर बुजरा होतो. आणि बुजरे जनावर कोंडीत सापडले की चावते. राखण करतो का? अनोळखी माणूस दिसला तर उभा राहील, भुंकेल, आपल्या मर्जीने पुढेही जाईल. पण मालकाच्या आणि परक्याच्या मधे पाय रोवून उभे राहणे हे त्याच्या रक्तातले काम नव्हे.

डॉबरमनचे ते आहे. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात आपोल्डा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचा करवसुली करणारा गृहस्थ राहत असे. वसुलीचा पैसा घेऊन एकट्याने हिंडावयाचे, तेव्हा सोबतीला धीट, चपळ आणि मालकाला चिकटून राहणारा कुत्रा हवा, या व्यवहारी गरजेतून त्याने ही जात घडविली. म्हणजे डॉबरमनचे मूळ काम एका माणसाची पाठराखण हे आहे. महाराष्ट्रातील पोलिसांच्या श्वानपथकांतून तो दीर्घकाळ वावरला, तो याच गुणामुळे: शिकण्याची हौस, आज्ञा पाळण्यात आनंद, आणि माणसाकडे सतत लागलेले डोळे.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार नराची उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि वजन ४० ते ४५ किलो. कारवान उंचीला फारसा कमी नसतो, पण वजन बहुधा २५ किलोच्या आसपासच. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. दहा वर्षांच्या मुलाच्या किंवा सत्तरीच्या आजीच्या हातात पट्टा असताना समोरून मांजर गेले, म्हणजे तो किरकोळ राहत नाही.

आमच्या घरची गोष्ट

आमचा डॉबरमन सहा वर्षांचा होऊन गेला. त्याला मी फिरवीत असे, शिकवीतही असे. तो माझ्या मागे स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत सावलीसारखा फिरे. शेवटच्या दोन महिन्यांत तो जिन्यावर थबकू लागला होता, रात्री एखाद वेळी खोकत असे. उन्हाळ्याचा थकवा असेल असे मी मानले. एके सकाळी फाटकापाशी तो उभ्या उभ्या कोसळला आणि पुन्हा उठला नाही. पिल्लू विकणाऱ्याने त्याच्या आईबापांच्या हृदयाविषयी काही सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. विचारावयाचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

या जातीत हृदयाचा स्नायू पातळ व शिथिल होत जाण्याचा एक आनुवंशिक विकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो. हृदय फुग्यासारखे पसरते, त्याचे आकुंचन दुबळे होते, ठोके अनियमित पडू लागतात. काही कुत्र्यांत धाप, खोकला, गळालेली भूक अशी लक्षणे दिसतात; काहींत पहिले लक्षण मृत्यू हेच असते. युरोपातील चारशेहून अधिक डॉबरमन कुत्र्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयुष्यभराचा हिशेब धरता या विकाराचे प्रमाण सुमारे ५८ टक्के निघाले. म्हणजे दोनांतील एकाहून अधिक. वय तीन वर्षांचे झाले, की दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांचा हृदयालेख काढावा, असे तज्ज्ञ सांगतात. विकार लवकर सापडला, तर औषधांनी काही काळ मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी मिळणे कठीण. त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागेल, हे कुटुंबाने पिल्लू आणण्यापूर्वीच गृहीत धरावे.

दुसरा दोष रक्त न गोठण्याचा. डॉबरमनमध्ये रक्त गोठविणाऱ्या एका प्रथिनाची उणीव पुष्कळदा असते. एरवी कळतही नाही. नसबंदी किंवा दात काढण्याच्या वेळी रक्त थांबेनासे होते. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकांना याची आठवण द्यावी.

कारवान या बाबतीत सुदैवी आहे. त्याची निवड प्रदर्शनासाठी न होता माळावरच्या कष्टांसाठी झाली; जे टिकले तेच पुढे वाढले. त्याच्या शरीरात चरबी अत्यल्प असते, म्हणून भूल देण्याची काही जुनी औषधे नजरेने शिकार करणाऱ्या या साऱ्या कुळाच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. "हा कारवान आहे" हे भूल देणाऱ्याला आधी सांगावे. त्वचा पातळ असल्याने काटेरी तारेने किंवा बाभळीच्या काट्याने ती कागदासारखी फाटते. कठीण फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. एक जुनी गोधडी पुरते, पण ती हवी.

दोघांचीही छाती खोल, म्हणून दोघांनाही पोट फुगून पीळ पडण्याचा धोका आहे. पोट तट्ट, कुत्रा अस्वस्थ, ओकाऱ्या काढतो आणि बाहेर काहीच येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तासाभराचा उशीरही जीव घेतो. एकदाच भरपेट घालण्यापेक्षा दोन वेळा थोडे घालावे, आणि खाण्याच्या आधी-नंतर तासभर पळापळ टाळावी.

नगरचे ऊन आणि नगरची थंडी

पर्जन्यछायेतला आपला जिल्हा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषात पहाटे दात वाजतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. डॉबरमनचा काळा रंग उन्हात तापतो, आणि तो मालकाच्या मागे कोठेही येण्यास तयार असल्याने आपल्याला थकवा आला आहे हे दाखवीतच नाही. कारवान उन्हाला पुष्कळ सरावलेला असला, तरी दुपारच्या उन्हात भरधाव पळालेला कारवानही उष्माघाताने जातो. फिरणे सूर्योदयाच्या सुमारास आणि अंधार पडल्यावर. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहावी. सात-आठ सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल लटपटते, असे झाले तर आधी जागच्या जागी गार करावे आणि मग दवाखान्याकडे निघावे. माठातले, हौदातले, मिळेल ते पाणी अंगावर ओतीत राहावे आणि वारा घालावा. ओले फडके अंगावर झाकून ठेवू नये; त्याने उष्णता आतच कोंडते.

थंडीत उलट. दोघांच्याही अंगावर ऊबदार केस नाहीत. कारवान तर कार्तिकापासूनच आडोसा शोधू लागतो. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून घातल्या किंवा गोणपाट शिवून दिले, तरी भागते. हसणारे हसतात. त्याच लोकांना कारवानच्या बरगड्या दिसल्या की आपण त्याला उपाशी ठेवतो असेही वाटते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडे दिसणे हे त्याच्या बाबतीत निरोगीपणाचे लक्षण आहे. शेजारणीच्या आग्रहाने त्याला गोल करू नये.

खाण्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे कुत्र्याला भाकरी आणि ताक ही जुनी पद्धत. तेवढ्यावर ही धावणारी शरीरे पोसत नाहीत. भाकरी-भाताबरोबर उकडलेले अंडे, कोंबडी, मासळी किंवा निदान घट्ट वरण रोज हवे. उरलेली आमटी मात्र घालू नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडतो. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला अपाय करतात. घरात बेदाणे वाळत असतील तेथे हे विशेष जपावे. चॉकलेटही वर्ज्य.

माळ, काळवीट आणि बिबट्या

ताईच्या वस्तीच्या एका अंगाला उसाचे पट्टे आहेत आणि दुसऱ्या अंगाला उघडा माळ. दोन्हींचा विचार करावा लागला.

माळाच्या बाजूने कर्जतचा शेजार लागतो. तेथे रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली राखलेले अभयारण्य आहे. जागा लहान, आणि काळवीट काही फलक वाचून हद्द पाळीत नाहीत. शेजारच्या शिवारांतूनही ते दिसतात. कारवानला काळवीट दिसले तर काय होईल, हे वर सांगितलेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. कुत्रा सोडून केलेली शिकारही शिकारच. सशामागे कुत्रा घालण्याची हौस अजून काही गावांतून ऐकू येते, तीही बेकायदाच. तेव्हा माळ आहे म्हणून कारवान पाळावा, हा युक्तिवाद अपुरा आहे. पळण्यासाठी कुंपण असलेली जागा हवी. ताईकडे डाळिंबाची बाग आहे, तिला पाच फुटी जाळी आहे. जाळी नसती, तर मी कारवानला साफ नाही म्हटले असते.

उसाच्या बाजूचा प्रश्न याहून कठीण. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तेथील बिबटे प्रामुख्याने पाळीव व गावातील जनावरांवर जगत होते, आणि वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्यांचाही नव्हे. अकोले, संगमनेर, राहुरीपासून श्रीगोंद्यापर्यंत जेथे जेथे ऊस आहे, तेथे ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. राखणीसाठी म्हणून रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्यासाठी घराच्या दाराशी ठेवलेले आमिष ठरतो. मग तो ४५ किलोचा डॉबरमन असो की वाऱ्यासारखा पळणारा कारवान. साखळीवर दोघेही सारखेच असहाय. आणि ज्या अंगणात बिबट्या कुत्र्यासाठी येतो, त्याच अंगणात पहाटे मूल लघवीला उठलेले असते.

दाजींना हे पटायला वेळ लागला. "रात्री घरात ठेवायचा, तर कुत्रा पाळायचा कशाला?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण बंद ओसरीत झोपलेला कुत्राही फाटकाची चाहूल तितक्याच लवकर घेतो आणि घरातल्यांना जागे करतो. मोटार राखण्याचे काम कुत्र्याचे नाही. ते कुलपाचे आणि दिव्याचे. कुत्र्याचे काम आपल्याला उठविण्याचे.

घरच्यांच्या प्रकृतीचे

पाक्षिकाच्या वाचकांना याची अपेक्षा असेलच, म्हणून स्पष्टपणे लिहिते. कोणतीही जात आणा, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी; तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. घरचा कुत्रा, लस दिलेला कुत्रा, खेळता खेळता लागलेला दात, असे म्हणून चावा दुर्लक्षू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पाहा, ही १५ मिनिटे फार लांब वाटतात. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, आणि लसीच्या साऱ्या मात्रा ठरल्या तारखांना पुऱ्या कराव्यात. जखम खोल असेल, तर तिच्यात भरावयाच्या प्रतिद्रव्याच्या इंजेक्शनविषयी आपणहून विचारावे.

दुसरी गोष्ट मेंढ्यांच्या मुलखाची. बकरे-मेंढरू कापल्यावर त्याचे फुप्फुस, यकृत कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. त्यातून एक बारीक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात शिरतो. त्याची अंडी विष्ठेवाटे मातीत, केसांवर आणि तेथून मुलांच्या हातांवर येतात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसांत त्यांच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे कळत नाहीत आणि पुढे शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. कच्चे अवयव मुळीच घालू नयेत. जंताचे औषध पिल्लाला पंधरवड्याने आणि मोठ्या कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी द्यावे, मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी. पावसाळ्यात गोचीड रोज चाचपून काढावी. बोटांनी चिरडू नये.

आणि एक लाभ, जो या साऱ्या काळज्यांच्या गर्दीत विसरला जातो. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांपैकी कोणताही कुत्रा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालविला, तर आठवड्याचे ४२० मिनिटे होतात. मधुमेहाचे निदान झाल्यावर दाजींना डॉक्टरांनी चालायला सांगून दोन वर्षे झाली होती. ताईने फोनवर हे मला हळूच सांगितले. तिच्या मते कुत्र्याचे खरे कारण मोटार नव्हते.

मग कोणता?

नगर शहरात, सावेडीसारख्या भागात छोट्या अंगणाच्या घरात राहणारे कुटुंब असेल, घरात दिवसभर कोणी ना कोणी माणूस असेल, शिकविण्याची आवड असेल आणि हृदयाच्या तपासण्यांचा खर्च पेलण्याची तयारी असेल, तर डॉबरमन. तो माणसाशिवाय राहू शकत नाही. नवरा-बायको दोघे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील, तर तो दरवाजे कुरतडील, भुंकून शेजार जागवील आणि शेवटी 'चावरा' ठरून कोणाच्या तरी शेतावर साखळीला जाईल. ऐटीसाठी कान कापून घेण्याचा आग्रह कोणी धरला, तर नकार द्यावा. दिखाव्यासाठी अवयव छाटणे ही आपल्या कायद्याने क्रूरता आहे, आणि लोंबत्या कानांचा डॉबरमन तितकाच चांगला ऐकतो.

कुंपण असलेले शेत असेल, घरात माणसांची वर्दळ बेताची असेल, आज्ञापालनाची फार अपेक्षा नसेल, तर कारवान. घरात कोंबड्या आणि मांजरे मोकळी हिंडत असतील, तर पिल्लू अगदी लहानपणापासून त्यांच्यात वाढवावे, आणि तरीही भरवसा ठेवू नये.

दोन्ही बाबतींत पिल्लू आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नये. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या नियमांनी अशी विक्री निषिद्धच आहे. पिल्लाची आई डोळ्यांनी पाहावी. ती बुजरी किंवा अंगावर येणारी असेल, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी परत फिरावे. डॉबरमन असेल, तर मातापित्यांच्या हृदयाचे अहवाल मागावेत. विकणारा हसला, तर दुसरा पाहावा. मी हे पूर्वी केले नाही. पहिले तीन-चार महिने पिल्लाला गाडीचा आवाज, टोपीवाला माणूस, रडणारे मूल, काठी टेकत चालणारी म्हातारी, सारे शांतपणे दाखवावे. या वयात जे परिचयाचे होते, त्याची भीती पुढे राहत नाही.

ताईला मी कारवान सांगितला. कारण केवळ तिची जाळी नव्हे. दाजींना एक कुत्रा गमावण्याची पाळी सहाव्या वर्षी येऊ नये, असेही मला वाटले, आणि त्यात माझे स्वतःचे दुःख मिसळलेले आहे हे मी त्यांना सांगूनही टाकले. त्यांनी ते समजून घेतले. डॉबरमनची हौस मात्र अजून गेलेली नाही, असे भाचा म्हणतो.

पौषात पिल्लू आले. मादी, गव्हाळ रंगाची. नाव आक्कांनी ठेवले, 'हरणी', आणि ज्याच्यामागे ती धावू नये त्याचेच नाव तिला दिले म्हणून भाचा हसत राहिला. कोर्‍हाळे-कोरठणपासून जेजुरीपर्यंत खंडोबाच्या पायाशी कुत्रे असते, देवगडच्या दत्तापुढे चार असतात. मग आपल्या ओसरीवर एक झोपले तर काय बिघडले, असे त्या आल्यागेल्याला सांगतात. संध्याकाळी सहाला दाजी तिला घेऊन बागेत जातात, जाळीचे फाटक लावतात आणि पट्टा सोडतात. ती डाळिंबाच्या दोन ओळींमधून पलीकडच्या टोकाला जाऊन परत येते, तोवर दाजी अर्ध्या वाटेवरही पोचलेले नसतात. अंधार पडण्यापूर्वी दोघे घरी येतात, ओसरीचे दार आतून लागते, आणि आक्कांच्या गोधडीचा एक कोपरा दुमडून खाली येतो.